बिनफोटोचा देव

त्या वर्षी माझं आणि देवाचं बोलणं बंद होतं. भांडण झालं होतं असंही म्हणता येणार नाही, कारण भांडायला समोर कोणी तरी लागतं. सकाळी आंघोळ करून मी देवघरापुढे उभा राहायचो, उदबत्ती लावायचो, हात जोडायचो आणि एक अक्षर न बोलता शाळेत शिकवायला निघून जायचो. वाटणीवरून बिनसलेले दोन भाऊ एकाच पंगतीला बसतात आणि मीठ हवं असलं तर तिसऱ्याकडून मागवतात, तसा आमचा व्यवहार चालला होता.

कारण होतं माय. भर उन्हाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. हात-पाय हळूहळू थोडेफार वळणावर आले, पण जीभ आली नाही. माझी माय आयुष्यभर नाम घेत जगलेली बाई. चुलीपुढे भाकरी थापताना, कापूस वेचताना, एवढंच काय, माझ्या पाठीत धपाटा घालतानाही तिच्या ओठांवर देवाचं नाव असायचं. दवाखान्यातून चोपड्याला घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिनं माळ हातात घेतली आणि नाव घ्यायला तोंड उघडलं, तर तोंडातून भलतंच काही निघालं. नुसता घोगरा, ओबडधोबड आवाज. तो स्वतःच्याच कानांनी ऐकून ती अशी दचकली, की जणू चुकून देवाला पाय लागला. पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग तिनं माळ माझ्या बायकोच्या हातात दिली, तोंड भिंतीकडे केलं आणि ओठ मिटले ते मिटलेच.

जळगावला वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, “चुकीचं बोलू द्या, वेडंवाकडं बोलू द्या, पण बोलू द्या. आवाज काढला तर काही तरी परत येईल. तोंड बंद ठेवलं तर आहे तेही जाईल.” हे मी मायला समजावून सांगितलं. ओरडून सांगितलं. नातवाला, म्हणजे माझ्या पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला, फोनवरून शपथ घालायला लावली. माय ढिम्म. जेवणही चिमणीएवढं झालं. मला कळत होतं की ती हळूहळू स्वतःला आवरून घेते आहे, पाहुणा निघायच्या आधी पिशवी भरून दाराशी ठेवतो तशी. आणि माझा सगळा राग देवघरातल्या त्या गर्दीवर निघत होता. आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ आईमाईवरून शिव्या देणारे काय कमी होते? त्यांची वाचा ठणठणीत. जिनं जन्मभर तुझंच नाव घेतलं, नेमकं तिचंच तोंड बंद करायचं तुला सुचलं? एवढं एकदा मनात म्हणून घेतलं आणि बोलणं बंद करून टाकलं.

अशा अवस्थेतल्या माणसाकडे देव हा विषय शिकवायला देऊ नये. पण आमच्या मुख्याध्यापकांना त्याच सुमारास ‘जगातील श्रद्धा’ नावाचा उपक्रम सुचला. आठवीच्या मुलांना वेगवेगळे धर्म देवाविषयी काय मानतात ते सोपं करून सांगायचं आणि शेवटी त्या धर्माचा पाहुणा बोलावून छोटा कार्यक्रम करायचा. धर्मांच्या चिठ्ठ्या स्टाफरूममध्ये स्टीलच्या ताटलीत ठेवल्या होत्या. मायला भरवून मी उशिरा पोचलो तेव्हा ताटलीत एकच चिठ्ठी उरली होती. उघडली, तर ‘ज्यू’.

मी म्हटलं, “सर, चोपड्यात ज्यू कुठून आणू?”

“ते तुम्ही बघा,” सर म्हणाले. “तुम्ही इतिहासाचे.”

हे वाक्य मी वीस वर्षं ऐकत आलोय. गॅदरिंगचा पडदा अडकला तरी मीच, कारण मी इतिहासाचा.

मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून मी वर्गात गेलो. तीच माझी तयारी. फळ्यावर ‘ज्यू धर्मातील परमेश्वर’ असं मोठ्ठं लिहिलं आणि सांगायला लागलो की ज्यू लोक एकच देव मानतात, त्याला रूप नाही, म्हणून त्याची मूर्ती किंवा चित्र करत नाहीत, आणि त्याचं जे खरं नाव आहे ते तोंडानं उच्चारत नाहीत. एवढं होईपर्यंत मागच्या बाकावरून सुरुवात झाली.

“सर, तो देव दिसस कसा?”

“दिसत नाही. आत्ताच सांगितलं.”

“मंग त्याचं नाव काय शे?”

“नाव घेत नाहीत.”

“मंग त्याले हाका कशा मारतस?”

वर्ग हसला. मी डस्टर आपटला. मग पुढच्या बाकावरची सुजाता उभी राहिली. तिच्या घरी बुद्धवंदना होते, आणि ती प्रश्न विचारायला उभी राहिली की मी घड्याळाकडे बघतो. ती शांतपणे म्हणाली, “सर, म्हणजे आमच्या घरी मूर्ती आहे पण देव नाही, आणि त्यांच्या घरी देव आहे पण मूर्ती नाही. असंच ना?”

बरोबर होतं. वीस मिनिटं घसा कोरडा करून मला जे सांगता आलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मी “बस खाली, ते पुढे येणार आहे,” असं म्हणालो. पुढे काहीही येणार नव्हतं. तास संपल्यावर मात्र तो मागच्या बाकावरचा प्रश्न माझ्या मागे लागला. नावच घ्यायचं नाही, तर हाक कशी मारायची? आणि गंमत अशी की हा प्रश्न मला ज्यू लोकांमुळे छळत नव्हता. घरी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मायमुळे छळत होता.

त्याच आठवड्यात मी एकटाच जळगावला गेलो. माय मॅडमकडे यायला तयार नव्हती, निदान घरी काय करून घ्यायचं ते विचारावं म्हणून. त्या तेच म्हणाल्या, “त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे.” परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी एक म्हाताऱ्या बाई, सुती पातळ, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, मांडीवर कापडी पिशवी. मी पुढच्या तासाची तयारी पुटपुटत होतो. मला पुटपुटताना आवाज चढवायची खोड आहे. “ज्यू लोकांचा देव कडक शिस्तीचा आणि रागीट असून...”

“कोणी सांगितलं?” बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, “ताई, मी शिक्षक आहे.”

“ते कळलं. म्हणून तर विचारलं.”

मी जरा चिडूनच म्हणालो, “हा वेगळा विषय आहे. तुमच्यातला नाही.”

“तुमच्यातलाही दिसत नाही,” बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून मूठभर शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. “माझ्यातलाच आहे. मी ज्यूच आहे.”

त्या क्षणी माझ्या तोंडून जे वाक्य निघालं ते आठवलं की अजूनही कानशिलं गरम होतात. मी म्हणालो, “पण तुम्ही तर मराठी बोलता!”

“मग काय करू?” त्या म्हणाल्या.

त्यांचं नाव दीनाबाई. मूळच्या कोकणातल्या, यजमान रेल्वेत असल्यामुळे भुसावळला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. लेक चोपड्याला बँकेत, तिच्याकडे काही दिवस राहायला निघाल्या होत्या. बघा, म्हणजे मुंबईपर्यंत जाऊन शोधावा लागेल असं ज्याच्याबद्दल वाटत होतं, तो माणूस लाल बसमध्ये माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता, आणि मी त्यालाच त्याचा देव समजावत होतो. याला योगायोग म्हणा. मीही बरेच दिवस योगायोगच म्हणत होतो.

मग काय झालं मला कळलं नाही, पण धरणगाव मागे पडेपर्यंत मी उपक्रम, मुख्याध्यापक, चिठ्ठी हे सगळं सोडून मायबद्दल बोलत होतो. माळ, घोगरा आवाज, भिंतीकडे वळलेलं तोंड, सगळं. अनोळखी बाईला का सांगितलं? कदाचित अनोळखी होती म्हणूनच. त्यांनी सल्ला दिला नाही, अमक्या देवाला नवस बोला म्हणाल्या नाहीत. नुसतं ऐकलं आणि एकदा “हं” म्हणाल्या. सल्ला न देणारा माणूस मला किती तरी महिन्यांत भेटला नव्हता. उतरताना मी त्यांना कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. “शनिवारी सकाळी या.”

“शनिवारी मी कुठे जात नाही. तो आमचा विसाव्याचा दिवस. सहा दिवस सगळं घडवून सातव्या दिवशी देवानंसुद्धा हात आवरला, मग आपण कोण?”

हे मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते वैतागले. “शाळेचे सगळे कार्यक्रम शनिवारीच असतात. देवानं सुट्टी घेतली म्हणून आपण घ्यायची का?” पण तासाभरानं शुक्रवार मंजूर झाला. दुसरं भांडण प्रतिमापूजनावरून. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम प्रतिमापूजनाशिवाय सुरू होत नाही. व्यासपीठावर टेबल, टेबलावर फोटो, फोटोला हार. मी म्हटलं, “सर, त्यांच्या देवाची प्रतिमा करत नाहीत, तोच तर धडा आहे. या वेळी पूजन नको. नुसता दिवा लावू.” सर खुर्चीत मागे रेलले. “अहो, पण प्रतिमापूजन झालं नाही तर कार्यक्रम सुरू झाला हे लोकांना कळणार कसं?” शेवटी दिव्यावर तडजोड झाली. मला वाटलं, जिंकलो.

आता बॅनर. बॅनरशिवाय खानदेशात पानही हलत नाही. वाढदिवस असो, दशक्रिया असो, बॅनर लागतोच. मी बसस्टँडजवळच्या फ्लेक्सवाल्याला, गोटूभाऊला, व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवला. वर ‘जगातील श्रद्धा’, मध्ये ‘परमेश्वर एकच आहे’ आणि खाली ‘त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही’. त्याचा फोन आला.

“सर, फोटो?”

“फोटो नाही.”

“म्हणजे नंतर पाठवता?”

“नंतरही नाही. या देवाचा फोटोच नसतो, गोटूभाऊ.”

“ओके सर. समजलं.”

समजलं म्हणाला. फ्लेक्सवाला ‘समजलं’ म्हणाला की स्वतः जाऊन बघून यावं, एवढी अक्कल मला या वयात असायला हवी होती.

शुक्रवारी सकाळी मी दीनाबाईंना आणायला त्यांच्या लेकीकडे गेलो. माय घरी एकटी राहू शकत नव्हती, म्हणून बायको तिला चाकाच्या खुर्चीतून थेट शाळेत घेऊन येणार होती. तेवढाच मायला बाहेरचा वारा. दीनाबाईंनी चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. निघताना त्यांनी हसत विचारलं, “मूर्ती, हार, नारळ असलं काही नाही ना ठेवलंत? मला बाई अवघडल्यासारखं होतं. तुमचा मान मोडायचा नसतो आणि आमचाही.”

मी छाती फुगवून म्हणालो, “काळजीच करू नका. नुसती अक्षरं आहेत, अक्षरं.”

शाळेच्या हॉलच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा आतून टाळ्या ऐकू येत होत्या. आमच्याशिवाय सुरू? झालं असं होतं की संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका नाना म्हणतो, ते हयातीत पहिल्यांदा वेळेवर आले होते. त्यांना पुढे लग्नाला जायचं होतं. शिपायानं सवयीनं हार आणि हळदकुंकवाचं तबक समोर धरलं, नानांनी सवयीनं हार उचलला आणि टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं. “प्रतिमा कथा शे रे?” प्रतिमा कुठे म्हणून नाना गरजले. नानांचा मोतीबिंदू पिकलेला, पण मागच्या भिंतीवर त्यांना एक भलामोठा चेहरा दिसला. शिपायानं दोन टाचण्या मारल्या, नानांनी हार चढवला, कपाळाला कुंकू लावलं आणि हात जोडले. सगळा हॉल उठून उभा राहिला. नेमक्या त्याच क्षणी मी दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर पाहिलं.

भिंतीवर मी होतो.

बॅनरच्या मधोमध, सोनेरी किरणांच्या गोलात, मावसभावाच्या लग्नातला माझा फोटो. डोक्याला गुलाबी फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल, ओठांत विड्याचा रंग. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तोच लावलेला होता. वर लिहिलेलं, ‘परमेश्वर एकच आहे.’ खाली, ‘त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही.’ गळ्यात झेंडूचा ताजा हार, आणि गॉगलच्या वर, फेट्याच्या खाली, कपाळावर कुंकवाचा बोट-बोट टिळा.

नंतर मी गोटूभाऊला झाडलं तेव्हा तो अगदी निरागसपणे म्हणाला, “एवढी मोठी जागा मोकळी कशी सोडू सर? बठ्ठा बॅनर भकास दिसी. देवाचा नही तर म्हटलं सरांचा टाकू, कार्यक्रम त्यांचाच शे.”

हॉलमध्ये मात्र त्या क्षणी कोणाला काय करावं कळेना. आपल्याकडे फोटोला हार कधी चढतो, हे आठवीच्या पोरांनाही माहीत असतं. पुढच्या रांगेतली चार पोरं एकदा भिंतीकडे बघत होती, एकदा दाराकडे. मुख्याध्यापकांचे डोळे मिटलेले होते. भक्तीनं नव्हे, हे मी त्यांना वीस वर्षं ओळखतो म्हणून सांगतो. माझी बायको पदर तोंडाला लावून उभी. मनात एकच वाक्य फिरत होतं: देवा, बोलणं बंद आहे म्हणून एवढा सूड?

आणि तेव्हा आवाज आला.

पहिल्यांदा मला वाटलं खुर्ची सरकली. मग वाटलं कोणी तरी खोकतंय. आवाज घोगरा, ओबडधोबड, थांबत थांबत येणारा. मी वळून पाहिलं तर माय. चाकाच्या खुर्चीत पुढे वाकून, बरा हात गुडघ्यावर आपटत, डोळ्यांतून पाणी वाहत, माय हसत होती. त्या उन्हाळ्यापासून जिच्या तोंडातून सूर निघाला नव्हता ती भिंतीवरच्या माझ्याकडे बघत होती, मग दारातल्या माझ्याकडे, आणि पुन्हा हसत होती. तोंड वाकडं होतंय, लाळ गळतेय, कशाचंही तिला भान नव्हतं. मग तिनं श्वास घेतला, बोट माझ्याकडे केलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतकं स्वच्छ म्हणाली, “येडा!”

एक शब्द. काना-मात्रा जागच्या जागी.

माझ्या बायकोनं पदर सोडला आणि ती मोठ्यानं रडायला लागली. पोरं हसायला लागली. नाना विचारत होते, “काय व्हयनं? काय व्हयनं?” आणि मी मायच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसलो. “पुन्हा म्हण,” मी म्हणालो. “माय, पुन्हा म्हण.” तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि पुन्हा म्हणाली.

शिपायानं हार उतरवला, मीच बॅनरवर टेबलक्लॉथ टाकला, आणि दीनाबाई बोलायला उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या हसू आवरत म्हणाल्या, “पोरांनो, देवाचं चित्र का करू नये, हे तुमच्या सरांनी इतकं छान दाखवलं की मला आता फारसं सांगायचं उरलं नाही. चित्र केलं की शेवटी आपलंच तोंड निघतं.”

पोरं खिदळली. मी नाही हसलो. गंमत म्हणून बोलल्या होत्या, पण मला ते लागलं. कारण इतके महिने मी ज्या देवावर रुसलो होतो तो कोण होता? माझ्या हिशेबानं चालणारा, मायनं जप केला म्हणून मायला जपणारा, मी सांगेन तसा न्याय करणारा. त्याला माझाच फेटा होता आणि माझाच गॉगल.

दीनाबाई मुलांशी आपल्या नातवंडांशी बोलावं तशा बोलत होत्या. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. देव एक, त्यानं सगळं केलं, सगळ्यांना केलं, तो दिसत नाही आणि तरी जवळ आहे. मागच्या बाकावरचा तो पोरगा संधीची वाटच बघत होता.

“बाई, मंग नाव न घेता त्याले हाका कशा मारतस?”

“तुझी आजी आजोबांचं नाव घेते का रे?”

“नही.”

“मग आजोबांना हाक कशी मारते?”

“अहो म्हणस. नही ते नुसती बांगड्या वाजाडस.”

“आणि आजोबांना कळतं?”

“लगेच उठतस!”

“झालं तर,” दीनाबाई म्हणाल्या. “नाव घेत नाही म्हणून माणूस परका होतो का? उलट जो सगळ्यांत जवळचा, त्याचंच नाव घेत नाहीत. आम्ही नुसतं ‘तो प्रभू’ म्हणतो. त्याला कळतं.”

हा दाखला मला का सुचला नव्हता? माझीच बायको मला जन्मभर ‘अहो’ म्हणत आली आहे.

सुजाता उठली. मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. “पण देवाचा राग आला तर?”

“भांडावं,” दीनाबाई लगेच म्हणाल्या. “आमच्या जुन्या कथांमधले मोठमोठे लोक देवाशी भांडलेत. हे न्यायाचं नाही म्हणून तोंडावर सांगितलंय त्याला. आमचा आणि त्याचा करार आहे, आणि करार असला की दोन्ही बाजूंनी बोलता येतं. फक्त पाठ फिरवू नये. भांडण चालू आहे तोवर नातं चालू आहे.”

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी एक बाई होती, मूल नव्हतं म्हणून फार दुःखी. ती देवाच्या घरी जाऊन उभी राहिली. मन इतकं भरून आलेलं की आवाजच फुटेना. नुसते ओठ हलत होते. तिथल्या पुजाऱ्यानं पाहिलं आणि त्याला वाटलं, ही बाई पिऊन आली आहे. तो तिच्यावर खेकसला. पण आवाज न फुटलेली ती प्रार्थना देवानं ऐकली. “तेव्हापासून,” दीनाबाई म्हणाल्या, “आमची सगळ्यांत मोठी प्रार्थना आम्ही तशीच करतो. ओठ हलवायचे, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतकं हळू. ज्यांना चांगलं खणखणीत बोलता येतं, तेसुद्धा असंच करतात. आम्ही ते त्या बाईकडून शिकलो.”

हे सांगताना त्यांनी एकदाही मायकडे पाहिलं नाही. बसमध्ये मी जे जे बोललो होतो त्यातलं एक अक्षरही त्यांनी उच्चारलं नाही. खिडकीकडे, पोरांकडे, छताच्या पंख्याकडे पाहून सांगितलं. मी मात्र मायकडेच पाहत होतो. तिचं हसू कधीच थांबलं होतं. मान जरा कलती करून, लहान पोर गोष्ट ऐकतं तशी ती ऐकत होती.

दुपारी घरी आल्यावर तिनं माझ्या बायकोचा पदर ओढला. आधी पाणी हवंय वाटलं, मग औषध, मग खिडकी बंद करायची वाटलं. माय वैतागली. सगळं घर एकाहून एक येडं आहे, असा तिचा चेहरा झाला. मग तिनं अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून दाखवलं. बायकोनं देवघरातून माळ आणून हातात दिली. मायनं डोळे मिटले. ओठ हलायला लागले. आवाज नाही, काही नाही. माळेचा एकेक मणी पुढे सरकत होता, आणि त्या खोलीत इतकी शांतता होती की मण्यावर मणी टेकल्याचं ऐकू येत होतं. संध्याकाळी तिनं भाकरी कुस्करून मागितली. खाणाखुणांनी नव्हे, घोगऱ्या, वेड्यावाकड्या आवाजात मागितली. तो शब्द भाकरीसारखा मुळीच नव्हता, पण तो ऐकून ती दचकली नाही.

दीनाबाई पुढच्या आठवड्यात भुसावळला परत गेल्या. त्यांना सोडायला बसस्टँडवर गेलो तेव्हा मी आभाराचं भाषण जुळवत होतो. त्या म्हणाल्या, “सर, खिडकी पकडा आधी.” मी रुमाल टाकून खिडकी पकडली. आभार राहून गेले, ते इथे मानतो. त्या बसमध्ये त्यांना माझ्या शेजारी ज्यानं बसवलं, त्याचेही. आधी त्याला चार गोष्टी तोंडावर सुनावल्या, मग मानले. आता आमचं रोज बोलणं होतं. बरेचदा चढ्या आवाजात, पण होतं. माझ्या मनासारखं व्हावं हा हट्ट सुटला असं खोटं मी सांगणार नाही. एवढंच, की हट्ट करताना आता मला भिंतीवरचा तो फेटा आठवतो आणि मी जरा बाजूला सरकून त्याला जागा देतो.

मायची वाचा परत आली का, असं लोक विचारतात. फारशी नाही. जळगावच्या मॅडम समाधानी आहेत. दहा-पंधरा शब्द जमतात, तेही तिच्या लहरीवर. देवाचं नाव त्यांत नाही, आणि आता ती त्याच्यासाठी झुरतही नाही. तो बॅनर बायकोनं गच्चीवर पाण्याच्या टाकीवर बांधलाय, छापील बाजू वर करून. माझं तोंड दिवसभर आभाळाकडे असतं.

रोज सकाळी माय अंथरुणात बसून ओठ हलवत माळ ओढते. मी शेजारी बसतो. शाळेला उशीर होतो, चहा निवतो, पण मी उठत नाही. जप संपला की ती माळ कपाळाला लावते, डोळे उघडते, आणि एकच शब्द अगदी स्वच्छ म्हणते.

“येडा.”

तो मला म्हणते की त्याला, हे मी अजून विचारलेलं नाही. दोघांनीही प्रसाद म्हणून घ्यावा, असं मी ठरवलं आहे.